वायफाय वारंवार तुटतंय? डबा बंद-चालू करण्याआधी दोन मिनिटं थांबा

नेट गेलं की घरातलं कोणीतरी उठतं, राउटरचा स्विच बंद करतं आणि परत लावतं. पाच मिनिटांत नेट येतं. दुसऱ्या दिवशी तेच. अडचण अशी की बंद-चालू केल्याने बिघाड जात नाही, बिघाडाचा पुरावा मात्र जातो. राउटरचा हा डबा किती वेळापासून चालू आहे, लाइन शेवटची कधी तुटली, फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक वायरमधून, किती प्रकाश येतोय, हे कंपनीने दिलेल्या डब्यात दिसत असतं. वीज काढली की त्यातलं बरंचसं पुसलं जातं. मग तक्रारीवर आलेला टेक्निशियन हिरवे लाइट बघतो, स्पीड टेस्ट करून दाखवतो आणि जातो. त्याचंही चुकत नाही, कारण त्या घटकेला सगळं ठीकच असतं.

म्हणून नेट जाईल तेव्हा आधी एवढंच ठरवायचं की ते कुठे तुटलं. जागा तीनच आहेत: डब्याची वीज, बाहेरून येणारी लाइन आणि डब्यापासून मोबाईलपर्यंतची हवा. नागपुरात या तिन्ही जागांची स्वतःची कारणं आहेत. एप्रिल ते जून तापलेला स्लॅब आणि खिडकीतला कूलर, पावसाळ्यात खांबावरच्या डबीत शिरणारं पाणी, संक्रांतीच्या दिवसांत वायरींवर अडकलेला मांजा. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी नेट जातं हे लिहून ठेवलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

लाइट वाचा, फोटो काढा

फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन, लॉस, इंटरनेट आणि वायफाय असे लाइट असतात. 'लॉस' म्हणजे एल-ओ-एस अशी तीन अक्षरं असलेला लाइट. तो लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. वायर तुटली आहे, कुठेतरी मुडपली आहे किंवा पलीकडे कंपनीची मशीन बंद आहे. अशा वेळी घरातली कोणतीही सेटिंग बदलून उपयोग नाही.

लॉस बंद आहे पण पॉन लुकलुकतच राहतो, याचा अर्थ प्रकाश येतोय पण डब्याची पलीकडे नोंदणी होत नाही. प्रकाश क्षीण असला की असं होतं. डबा नुकताच बदलला असेल तर त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवायचा राहिलेला असू शकतो. पॉन स्थिर हिरवा पण इंटरनेटचा लाइट लाल किंवा बंद असेल, तर लाइन शाबूत आहे. रीचार्ज संपला का, हे आधी बघा. नसेल संपला तर लॉगिन नाकारलं जातंय, आणि ते कंपनीनेच बघायचं.

सगळे लाइट हिरवे आणि तरी मोबाईलवर गोल फिरतंय, ही चौथी आणि सर्वांत जास्त दिसणारी अवस्था. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

यातलं काहीही दिसलं की हात लावण्याआधी मोबाईलने फोटो काढा. तारीख-वेळ फोटोत आपोआप राहते.

तीन आकडे

मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' नावाचा पत्ता दिसतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही डब्यांत १९२.१६८.२९.१. तो इंग्रजी अंकांत ब्राउझरमध्ये टाका. यूजरनेम-पासवर्ड डब्याच्या तळाशी स्टिकरवर असतो. हा पासवर्ड वेगळा आणि वायफायचा वेगळा, यात गल्लत होते. स्टिकर उडालं असेल तर कस्टमर केअरकडून मागून घ्या.

आत गेल्यावर 'स्टेटस' पानावर तीन गोष्टी शोधा. पहिली सिस्टीम अपटाइम, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे. दुसरी वॅन (डब्याची बाहेरची बाजू) किंवा पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) कनेक्शनचा वेळ, म्हणजे लाइन किती वेळ सलग जोडलेली आहे. तिसरी ऑप्टिकल पानावरची आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश.

घरची वीज गेलेली नाही आणि तरी सिस्टीम अपटाइम वीस मिनिटंच दाखवतोय, म्हणजे डबा स्वतःच रीस्टार्ट होतोय. अडॅप्टर, उष्णता किंवा डब्याचाच दोष. सिस्टीम अपटाइम नऊ दिवस आणि वॅनचा वेळ अकरा मिनिटं, म्हणजे डबा ठणठणीत आहे आणि बाहेरची लाइन तुटतेय. दोन्ही वेळ कित्येक दिवसांचे, तरीही बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतो, म्हणजे दोष हवेतला आहे. एवढी एक तुलना केली तर पुढचं चुकीच्या दिशेने फिरणं वाचतं.

काही कंपन्या हे पान ग्राहकाला उघडूच देत नाहीत. मग पिंग वापरा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, दुसरीत ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) ला सलग पिंग लावा. विंडोजमध्ये पत्त्यापुढे उणे चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की पिंग थांबत नाही. मोबाईलसाठी पिंगची फुकट अॅप्स आहेत. राउटरच्याच खोलीत त्याचं उत्तर साधारण २ ते १० मिलिसेकंदांत यायला हवं. नेट अडकलं तेव्हा राउटरचं उत्तर नीट येतंय पण ८.८.८.८ चं येत नाही, तर दोष डब्याच्या पलीकडे. राउटरचंच उत्तर २००-३०० मिलिसेकंदांवर जातंय किंवा मध्येच येत नाही, तर दोष वायफायमध्ये. मधूनच एखादा आकडा उडाला तर घाबरू नका, स्वस्त डबे पिंगला उत्तर देण्यात कंटाळा करतात. सलग उडत असेल तरच मोजा.

शंका उरली तर लॅन केबलने लॅपटॉप थेट डब्याला जोडा. केबलवर पूर्ण वेग मिळतोय आणि वायफायवर नाही, मग कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. आणि केबलवर वेग बरोबर ९४-९५ एमबीपीएसवर येऊन थांबत असेल, तर डब्याचं ते पोर्ट १०० चं आहे किंवा केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागताहेत. दुसरं पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघा. प्लॅन २०० चा असून वर्षभर ९५ वर चालणारी घरं आहेत, कारण केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना एक तार नीट बसलेली नसते.

डबा स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर

आधी अडॅप्टर. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, करंट १, १.५ किंवा २ अँपिअर. डब्याच्या तळाशी लिहिलेलं आणि अडॅप्टरवर लिहिलेलं जुळतंय का, ते बघा. घर बदलताना किंवा साफसफाईत सेट-टॉप बॉक्सचा आणि राउटरचा अडॅप्टर आपसांत बदललेला पुष्कळदा सापडतो. अँपिअर जास्त चालतं, कमी चालत नाही. व्होल्ट तेच हवेत, ना कमी ना जास्त.

उन्हात तापणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डात अडॅप्टर दोन-तीन उन्हाळे काढतो तेव्हा त्याच्या आतले कपॅसिटर सुकतात. नुसता मल्टीमीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो, पण भार आला की खाली बसतो. ओळखायची खूण अशी: एकटा मोबाईल जोडलेला असताना नेट छान चालतं, संध्याकाळी टीव्ही, दोन लॅपटॉप आणि चार मोबाईल एकदम लागले की डबा रीस्टार्ट मारतो. तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर दोन दिवस लावणे. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, फक्त जुना सोबत न्या, कारण पिन बाहेरून ५.५ मिलिमीटरची दिसली तरी आतलं भोक २.१ आणि २.५ अशा दोन मापांचं असतं. चुकीचं माप ढिलं बसतं आणि फरशी पुसताना वायरला धक्का लागला तरी नेट जातं.

अडॅप्टर ठीक असेल तर उष्णता. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारी ४० च्या खाली नसते. स्लॅब रात्री दहा वाजताही आच फेकत असतो. आणि डबा नेमका सज्जावर, छताला लागून ठेवलेला असतो, कारण तिथे तो कोणाच्या हाताला लागत नाही. खोलीतली सर्वांत गरम हवा तिथेच साचते.

डबा छातीच्या उंचीवर आणा, भिंतीवर उभा टांगा, मागे तीन-चार बोटं जागा सोडा. सेट-टॉप बॉक्सवर, टीव्हीच्या बंद कपाटात, विणलेल्या झाकणाखाली ठेवू नका. उष्णतेचीच अडचण आहे की नाही हे पक्कं करायचं असेल तर दोन दुपारी टेबलफॅन डब्याकडे करून ठेवा. नेट जाणं थांबलं तर उत्तर मिळालं. कूलरच्या झोतात मात्र डबा कधीच ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पोर्टांमध्ये पांढऱ्या थराने बसतात.

डबा, कूलर आणि फ्रिज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर डब्याला वेगळा प्लग द्या. मोटर सुरू होताना घेते तो झटका कमजोर अडॅप्टर झेलू शकत नाही.

इन्व्हर्टर असूनही वीज गेली की राउटर रीस्टार्ट होतो, ही तक्रार फार ऐकू येते. अनेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा एक स्विच असतो. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ जास्त असतो, यूपीएस मोडमध्ये तो कमी होतो. तो स्विच बदला. पण तुमच्या भागात व्होल्टेज सतत कमी असेल तर यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर वरचेवर बॅटरीवर जाईल, हे ध्यानात ठेवा.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्या. त्याच्या खोक्यावरच्या एमएएचच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, वॅट-अवर काढा. आत ३.७ व्होल्टच्या २००० एमएएचच्या तीन बॅटऱ्या असतील तर एकूण सुमारे २२ वॅट-अवर होतात. डबा ८ ते १० वॅट खात असेल तर वाया जाणारं धरून दीड-दोन तास चालेल.

घरचा डबा चालू, तरी वस्तीतली वीज गेली की लॉसचा लाल लाइट लागतो, असं होत असेल तर कंपनीच्या पलीकडच्या मशीनला बॅकअप नाही. ही गोष्ट तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा.

एप्रिलपासून नेट बिघडलं: कूलर बघा

दहा महिने नीट चाललेलं वायफाय उन्हाळ्यात आतल्या खोलीत पोचेनासं होतं. प्लॅन तोच, डबा तोच. बदललेली गोष्ट खिडकीत असते. पत्र्याची बॉडी, खाली पन्नास-साठ लिटर पाणी, तीन बाजूंना ओलं गवत किंवा खस. धातू रेडिओलहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. वायफाय अडवायला याहून चांगली भिंत बांधता येणार नाही. फायबरची वायर पुष्कळ घरांत त्याच खिडकीच्या भोकातून आत येते, म्हणून डबाही तिथेच, कूलरच्या कडेला टांगलेला असतो. डबा आणि तुमची नेहमीची बसायची जागा यांच्यामध्ये कूलर, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी येते का, एवढं सरळ रेषेत बघा. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत दीड फुटी विटांच्या भिंती आहेत. तिथे ५ गिगाहर्ट्झचा (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी वेगवान पण कमी लांब पोचणारा) सिग्नल दुसऱ्या भिंतीपलीकडे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

डबा आत हलवायचा तर टेक्निशियनकडून लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची वायर) मागून घ्या, दहा-पंधरा मीटरचा सहज मिळतो. लॅन केबल वाढवून घरात वेगळा वायफाय पॉइंट लावणं हा दुसरा मार्ग.

कूलरचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. कूलर खिडकीत बसवताना फायबरची बारीक वायर चौकट आणि कूलरच्या बॉडीमध्ये दाबली जाते. लगेच तुटत नाही. पंखा फिरला की कूलर थरथरतो, वायर घासत राहते आणि आठ-पंधरा दिवसांनी नेट जायला-यायला लागतं. कूलर बंद केला की नेट सुधारतं आणि लावला की जातं, असं दिसलं तर आधी ती फट तपासा. वायर मोकळी काढून चौकटीच्या कोपऱ्यातून रुंद वळणाने घ्या.

बाहेरची लाइन

आता तो तिसरा आकडा, आरएक्स पॉवर. तो डीबीएममध्ये आणि उणे चिन्हासह असतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. घरगुती फायबरचे नेहमीचे डबे उणे २७ पर्यंत प्रकाश वाचू शकतात, त्याच्या खाली काठावरचा खेळ. उणे २६-२७ वर नेट चालतं, पण दुपारी वायर तापली, वाऱ्याने हलली, डबीत ओल गेली की तुटतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उणे २० वरून उणे २६ वर आला तर पूर्वीच्या पाव हिस्सा प्रकाशावर तुमचं घर चाललंय.

एकदा बघून भागत नाही. आठवडाभर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा आकडा लिहून ठेवा. आकडा वाईट असूनही स्थिर असेल तर जोड खराब आहे किंवा एकाच वायरवर फार घरं वाटली आहेत. आकडा दोन-तीन डीबीने खालीवर होत असेल तर वायर कुठेतरी हलतेय, घासतेय किंवा ओली होतेय.

घरात तुम्ही स्वतः तपासाल ते एवढंच. डब्याच्या मागे हिरवं टोक असलेला कनेक्टर पूर्ण आत 'टिक' असा बसलाय का. वायर खिळ्याला गुंडाळून, टीव्हीमागे कोंबून किंवा दाराच्या फटीतून तीक्ष्ण वळण घेऊन गेलीय का. फायबरचं वेटोळं किमान कपाच्या बशीएवढं ठेवा. कनेक्टर काढावा लागला तर त्याच्या टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि बोटाचं तेल दोन्ही प्रकाश अडवतात. टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो आणि निळ्या टोकाचा सरळ. घाईत हिरवा निळ्यात घुसवला तर नेट लागतं, पण प्रकाशाची मोठी गळती होते.

घराबाहेरचं काम टेक्निशियनचं. तो खांबावर चढेल तेव्हा खाली थांबा आणि काय बघायचं ते सांगा. कडुनिंबाच्या फांदीवर वायर टेकलीय का. संक्रांतीनंतर वायरीवर मांजा गुंडाळलेला राहतो आणि पोरं तो खालून ओढतात, तिथे वायर सोलली आहे का. जोडाच्या डबीवर नुसती टेप गुंडाळली आहे की झाकण नीट बंद आहे. पहिल्या पावसानंतर नेट जाणाऱ्या घरांत दोष बहुतेक वेळा त्या डबीतच निघतो. काम संपल्यावर 'भाऊ, मीटरवर किती येतंय ते दाखवा ना' म्हणा. जोड मारण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे घ्या. आकडा बदलला नसेल तर दुरुस्ती झालेली नाही, मग नेट त्या क्षणी चालत असलं तरी.

फायबरऐवजी शेजारच्या गच्चीवरून उघडी लॅन केबल टाकून दिलेली कनेक्शनं अजून आहेत. ती वळवाच्या वादळात विजेचा लोळ घरात आणतात आणि राउटरचं पोर्ट जळतं. अशी जोडणी असेल तर फायबर मागा. मिळेपर्यंत ढग गडगडायला लागले की ती केबल राउटरमधून काढून ठेवा.

सगळे लाइट हिरवे, तरी गोल फिरतंय

रात्री आठ ते अकरा. इमारतीतल्या प्रत्येक घराचा डबा चालू आहे आणि बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झवर बोलताहेत. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. कंपनीचे डबे 'ऑटो'वर असतात आणि त्यातले कित्येक चॅनल फक्त सुरू होताना निवडतात. म्हणूनच बंद-चालू केल्यावर काही वेळ बरं वाटतं. डब्याला योगायोगाने मोकळा चॅनल सापडलेला असतो. हीच निवड तुम्ही विचार करून एकदा केलीत तर रोजची उठाठेव थांबते.

अँड्रॉइड मोबाईलवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप घ्या. रात्री नऊ वाजता, तुम्ही जिथे बसता तिथून बघा. १, ६, ११ पैकी जिथे कमी घरं आहेत आणि त्यांचा सिग्नल क्षीण आहे तो निवडा. ३, ४, ८ असे मधले चॅनल मोकळे दिसले म्हणून घेऊ नका, तिथे दोन्हीकडच्या घरांचा गोंगाट झेलावा लागतो. २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर वेग वाढल्यासारखा वाटतो, पण अर्धा पट्टा व्यापला जातो आणि शेजाऱ्यांशी टक्कर वाढते.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल घ्या. ५२ ते १४४ या मधल्या चॅनलांवर राउटरला रडारसाठी जागा सोडावी लागते. रडारसारखी चाहूल लागली की तो चॅनल तत्काळ सोडतो आणि नवा चॅनल घेताना मिनिटभर ऐकत बसतो. 'दिवसातून दोनदा बरोबर एक मिनिट ५ गिगाहर्ट्झचं नेट जातं आणि आपोआप येतं' याचं कारण बहुधा हेच.

त्याच अॅपमध्ये तुमच्या स्वतःच्या सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे काहीच भरवशाचं नाही. घरभर फिरून प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. डबा कुठे हलवायचा ते तो कागदच सांगेल.

दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर ती वेगळी करा, उदाहरणार्थ 'घर' आणि 'घर ५'. एकाच नावावर मोबाईल दूरच्या खोलीत २.४ वर जातो आणि डब्याशेजारी येऊन बसलात तरी तिथेच चिकटून राहतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, स्मार्ट बल्ब, कॅमेरे आणि दूरची खोली २.४ वर. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. जुना टीकेआयपी पर्याय निवडलेला असेल तर वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

व्हॉट्सअॅप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. मोबाईलच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ घाला. ठराविक साइट अर्ध्याच उघडतात आणि लाइन पीपीपीओईची आहे, तर राउटरमध्ये एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पाकिटाचं कमाल माप) १४९२ आहे का ते बघा.

दुसरा राउटर लावला आणि गोंधळ वाढला

वरच्या मजल्यासाठी जुना राउटर केबलने जोडला की दोन दिवसांत तक्रार येते: कधी एका मोबाईलवर नेट, कधी दुसऱ्यावर, प्रिंटर गायब. कारण दोन्ही डबे पत्ते वाटताहेत आणि बहुधा दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ आहे. दुसऱ्या राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर त्याच्या सेटिंग पानावर परत शिरताना हाताने पत्ता द्यावा लागतो.

प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर हा शेवटचा उपाय समजा. तो बहुधा एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. घ्यायचाच असेल तर जिथे नेट येत नाही त्या खोलीत लावू नका, जिथे उणे ६० च्या आसपास सिग्नल येतो अशा अर्ध्या वाटेवर लावा. मेश संच (एकाच नावाचं वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे) घेत असाल तर त्यातले डबे लॅन केबलने एकमेकांना जोडा. भिंती जाड असतील तर ही केबल टाकण्याचा खर्च महागड्या संचापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याच्याकडे फक्त लाइन पुढे देण्याचं काम ठेवून, मागे स्वतःचा राउटर लावणं, हे मोठ्या घरासाठी सर्वांत चांगलं. त्यासाठी पीपीपीओईचा यूजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीने लाइनला दिलेला ओळख क्रमांक) लागतो, आणि काही ठिकाणी जुन्या डब्याचा मॅक पत्ता (डब्याचा कायमचा ओळख क्रमांक) कंपनीकडे बांधलेला असतो तो सोडवून घ्यावा लागतो. हे तिन्ही कस्टमर केअरकडून लेखी घ्या. कंपनी डब्याला दुरून नवं सॉफ्टवेअर पाठवू शकते आणि त्यानंतर तुम्ही बदललेला चॅनल, वेगळी नावं, ब्रिज मोड हे सगळं मूळ पदावर येऊ शकतं. म्हणून सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा. एके सकाळी अचानक सगळं जुन्यासारखं झालं तर आधी तेच तपासा.

तक्रार करताना

'नेट स्लो आहे' असं सांगितलंत तर उत्तर 'रीस्टार्ट करा' हेच येईल. असं सांगा: 'मंगळवारी दुपारी २:१० ला लाइन तुटली, लॉस लाल होता, फोटो आहे. डब्याचा अपटाइम नऊ दिवस, वॅनचा वेळ अकरा मिनिटं. आरएक्स पॉवर सकाळी उणे २४, दुपारी उणे २७.' यावर फोनवरून देता येण्यासारखं तयार उत्तर नसतं, माणूस पाठवावा लागतो.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे हा नंबर लागतोच. दोष कायम असताना तक्रार 'निवारण झाले' म्हणून बंद झाली तर नवी तक्रार नोंदवताना जुना नंबर त्यात लिहा, म्हणजे एकच बिघाड परत परत येतोय हे कागदावर दिसेल. टेक्निशियनने ओटीपी मागितला तर आरएक्सचा आकडा बघूनच द्या, कारण ओटीपी दिला की तक्रार बंद होते.

डबा बदलून दिला तर जुन्या आणि नव्या दोन्ही डब्यांच्या स्टिकरचे फोटो काढा, सिरियल नंबर वाचता येईल असे. जुना डबा अडॅप्टरसह परत देताना पोच घ्या. अनामत रक्कम त्या डब्यावर असते, आणि कनेक्शन सोडताना कोणता डबा तुमच्याकडे होता हे विचारलं जातं.